करडीचं रान

तुळजापूरची बस अजून आली नव्हती, त्यामुळे वाशीच्या बसस्थानकात गौरीशंकर मास्तरांना परक्याचा संसार ऐकायला सवड होती. शेजारच्या बाकावर शंभुलिंगअप्पा साठीत शिकलेल्या तेलरंगाचं आपलं पहिलं चित्र कडा धरून बसले होते. पत्नी शिवलीलाबाई शेजारी होत्या.

"जरा सरकून बस, रंग लुगड्याला लागंल."

"अजून वलाच हाय?"

"तेलरंग हाय. आठ दिवस लागतेत."

"आमच्या कुरडया दोन दिसांत वाळतेत. अन् हे काढलंय काय?"

"आपलं करडीचं रान."

"ह्याला रान म्हणतेत? निस्ते पिवळे ठिपके! म्या बैठकीत लावू देणार न्हाय."

"अगं, जवळून ठिपकेच दिसतेत. लांबून बघायचं असतंय."

"बघते. पाणी बी आणते."

बाई नळापाशी पोचल्या, वळल्या आणि बाटली भरायची सोडून तिथूनच ओरडल्या.

"अहो! बांधावर कोण बसलंय?"

"आपल्या बांधावर कोण बसतंय?"

"अगं बया, मीच की! पदर खोचून भाकर खातीया!"

अख्खं स्थानक चित्राकडं वळलं. अप्पांनी ते डोक्याच्या वर धरलं. बाई हसत परत आल्या.

"मग? लावू बैठकीत?"

"न्हाय."

"आता का न्हाय?"

"बैठक केवढीशी! तिथं परत ठिपकेच दिसायचे. गल्लीपल्याड मकबूलभाईंच्या ओसरीत टांगा. आपल्या दारात बसून म्या रोज बघंन."