खिळ्यावरचा पिवळा पट्टा

— नाही, तो विकायचा नाही. खिळ्यावर टांगलाय म्हणजे विकायला ठेवलाय असं नसतं. त्याच्या शेजारी हरणाचं मुंडकंही टांगलंय, त्याचा भाव विचारलात का तुम्ही? काडतुसं घ्यायला आलात, काडतुसं घ्या. वरच्या फळीवर, लाल खोका — तुम्हीच काढा जरा हात वर करून, माझा उजवा खांदा वर जात नाही. ऑगस्टपासून. नाही हो, पडलोबिडलो नाही. हां, तोच खोका. दोन घ्या. पुलापलीकडच्या माणसांना एक कधी पुरत नाही. राग मानू नका, बुटांवरून कळलं मला, असले कोरे बूट इकडे कोण घालतं — डेट्रॉइटकडचे ना? तुम्ही पुलाच्या खालच्या अंगाला राहता म्हणून आम्ही तुम्हाला पुलाखालची भुतं म्हणतो, ही आमची जुनी थट्टा. आणि उद्या पंधरा नोव्हेंबर, हरणांचा हंगाम उघडणार, म्हणजे आज सगळी भुतं पूल ओलांडून वर येणार. येऊ देत. आम्हा हाकालांचं दुकान त्यांच्यावरच तर चालतं.

अजून तिकडेच बघताय. बरं. मुलीने पाठवलाय तो. माझ्या मुलीने, आयलाने. शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी आहे ती. पाठवला म्हणजे स्वतः नाही आली, आईच्या हाती दिला, आणि वर निरोप — बाबा पिस्तूल घेऊन बाहेर पडेल तेव्हा हा पट्टा जवळ ठेवेल, वेळ आली तर घालेल, असं त्याने कबूल केलं तर मी पंधरा तारखेला पहाटे येते. नाहीतर येत नाही. ऐकलंत? अट. बापाला. शाळेत होती तेव्हापासून ही पोर माझ्याबरोबर जंगलात येते, एक हंगाम चुकवलेला नाही, लग्न झालं त्या वर्षी नाही, नवरा सोडून आली त्या वर्षीही नाही. आणि आता एका चिंधीवर सगळं येऊन ठेपलंय. आजची संध्याकाळ झाली, मी काही कबूल केलेलं नाही. करणारही नाही.

कशाला करू? तुमच्याकडेही पिस्तुलाचा परवाना आहे — आहे, मान कशाला हलवता, कोट कमरेशी फुगलाय, मी जन्मभर हाच धंदा केला. कापड सैल घ्या जरा. तर तुम्हीच सांगा, आपण पिस्तूल कपड्याखाली ठेवतो ते कशासाठी? कोणाला दिसू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि हे पट्टे विकणारे शहाणे म्हणतात, पिस्तूल काढायची वेळ आली की आधी खिशातून हा पट्टा काढा, गळ्यातून तिरपा घाला, पुढे मागे काळ्या अक्षरांत 'परवानाधारक' — वाचलंत ना? — म्हणजे पोलीस येतील तेव्हा त्यांना दुरून कळेल की हा चोर नाही, हा आपला माणूस. वा. म्हणजे समोर चोर उभा आहे, आणि मी त्याला सांगायचं, बाबा रे, क्षणभर थांब, मला सजू दे. आमच्या काउंटीच्या जत्रेत दरवर्षी एका पोरीला राणी करतात, तिला असाच पट्टा घालतात, फक्त तो रेशमी असतो. माझ्या या पोटावर डोळ्यांपुढे आणा. आणि चोराला काय पट्टा विकत मिळत नाही? कोणालाही मिळतो. उद्या दहा दरोडेखोर पिवळे पट्टे घालून बँकेत शिरतील आणि पोलीस त्यांना दार उघडून देतील.

पट्टा परवडला, बिल्ले घेतात ते तर विचारूच नका. सोनेरी, गरुड काढलेला, पोलिसाच्या बिल्ल्यासारखा. कमरेच्या पट्ट्याला लावून हॉटेलात मिरवतात. परवा एक आला होता, तुमच्याच बाजूचा, म्हणे आहे का तुमच्याकडे. म्हटलं आहे ना, शिट्टीपण देऊ का बरोबर? गेला रागावून. मी असल्या वस्तू ठेवत नाही. देवाने तोंड दिलंय माणसाला. पोलिसाने गाडी थांबवली तर दोन्ही हात चाकावर ठेवायचे आणि आधी सांगायचं, साहेब, परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे. इथला कायदाच तसा आहे, आणि बरोबर आहे तो, मी माझ्या वर्गात पहिल्यांदा हेच शिकवतो. हो, परवान्याचा वर्ग मीच घेतो, मागच्या खोलीत. या भागात ज्यांच्या ज्यांच्या कमरेला पिस्तूल आहे ते सगळे त्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्यांवर बसून गेलेत. आयलासुद्धा, पोलिसात जायच्या आधी. आणि दुसरी गोष्ट शिकवतो ती ही, की पिस्तूल हातात असताना पोलीस आला आणि म्हणाला टाक, तर टाकायचं. वळायचं नाही. समजावायचं नाही. पाठमोरे असाल तर पाठमोरेच राहा, हात उघडा, पडू दे ते खाली, ओरखडा उठला तर उठू दे. वळलात तर पिस्तूल तुमच्याबरोबर वळतं, आणि समोरच्याला फक्त तेवढंच दिसतं. हनुवटी धरून तोंड पुढे ठेवायला लावतो मी एकेकाला, वळून बघण्याची खोड मोडेपर्यंत.

मग कोणाला गरज आहे चिंधीची? ज्याला शिकवलेलं कळत नाही त्याला. गाढवाला.

— खांदा? तुम्ही पण चिकट आहात. पेट्रोल पंपावरच्या दुकानात झालं. मी गळाला लावायचे किडे घ्यायला गेलो होतो, ऑगस्टमध्ये मासे चांगले लागतात. एक टोणगा आत शिरला, सळई घेऊन, गल्ल्यावरच्या बाईच्या हातावर मारली त्याने. मी पिस्तूल काढलं, म्हटलं झोप खाली. झोपला की. मुकाट्याने, पालथा, चिप्सच्या पाकिटांच्या रांगेत. मी त्याच्यावर नेम धरून उभा, पाठ दाराकडे. बाईने तेवढ्यात फोन केला होता, आणि फोनवर काय सांगितलं असेल? दुकानात माणूस आहे, हातात पिस्तूल आहे. एवढंच. रडत होती बिचारी, कोणता माणूस ते कुठे सांगत बसणार. दार उघडलं, मागून आवाज आला, "शस्त्र टाक, टाक खाली."

मी वळलो.

असं बघू नका माझ्याकडे. वळलो, कारण आवाज ओळखीचा होता. आयलाचा. आपल्या घरातला आवाज आहे म्हटल्यावर माणूस वळणार नाही तर काय करेल? म्हटलं, "अगं, मीच —" आणि पिस्तूल आलं की माझ्याबरोबर. तिच्या मागून तिचा जोडीदार आला होता, एक धटिंगण, त्याने मला आडवा केला, हात मागे पिरगळला, तेव्हा हा खांदा गेला. ते ठीक आहे. त्याने त्याचं काम केलं, हात मात्र माणसासारखा धरायला शिकायला हवं त्याने. आणि ती तशीच उभी. मी जमिनीवरून म्हणतोय, आयला, सांग याला, आयला — ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या बोटाकडे बघत होती. पिस्तुलाच्या घोड्यावरच्या बोटाकडे.

नंतर घरी आली एकदा, एकदाच. कोटसुद्धा काढला नाही. म्हणाली, "बाबा, मी घोडा अर्धा ओढला होता." मी म्हटलं, "अर्धाच ना. अर्ध्याने गोळी सुटत नाही, मीच शिकवलंय तुला." चेष्टेत म्हटलं हो. तिचं मन हलकं व्हावं म्हणून. तर ती उठून गेली. तेव्हापासून गस्तीवर जात नाही, स्वतः मागून टेबलावरचं काम घेतलंय. कागद इकडचे तिकडे करते. माझी पोर, जिचा नेम या काउंटीत कोणाला जमत नाही, ती कागदांना भोकं पाडते. आणि माझी बायको मार्लीन म्हणते, हो म्हणून टाक ना, खिशात ठेव पट्टा, कोण बघायला येतंय. म्हणजे खोटं बोलू? पोरीशी खोटं बोलणार नाही मी. आणि खरं बोलायचं तर मला ती चिंधी नको, कारण — कारण बापाची पाठ ओळखता येत नाही का तिला? सांगा ना. तुम्ही ओळखाल ना तुमच्या बापाला पाठमोरं? खांदे, मान, उभं राहायची ढब. एवढीशी होती तेव्हापासून माझ्या मागून चाललीय ती. जंगलात बर्फातून जाताना मी पुढे, ती माझ्या पावलांच्या खड्ड्यात पाऊल टाकत मागे, दिवसभर तिने दुसरं बघितलंय काय? माझी पाठ. आयुष्यभर. आणि दुकानाच्या दारात, चार पावलांवरून, तिला तो कोणी दरोडेखोर वाटला. म्हणजे मला पाटी लावून फिरायला हवं. मी बाप आहे, गोळी घालू नका.

एक गोष्ट सांगतो, तुम्हाला लागू आहे. तुमच्याच बाजूच्या एकाने एकदा हरीण समजून इथल्या एका शेतकऱ्याची गाय मारली. भर कुरणात, तपकिरी गाय, बघा म्हणजे. तर पुढच्या हंगामात त्या म्हाताऱ्याने काय करावं? पांढरा रंग घेतला आणि उरलेल्या सगळ्या गाईंच्या कुशीवर हे एवढ्या अक्षरांत लिहिलं, 'गाय'. सगळा गाव हसला. मी पोट धरून हसलो. आणि आता माझीच पोर मला म्हणते, कुशीवर लिहून घे.

— हो, त्या गाई वाचल्या. सगळ्या वाचल्या. त्याचं काय इथे?

असो. काडतुसं झाली, हरणाच्या शिकारीची परवाना-चिठ्ठी आहे ना? आणि नारिंगी कुठाय तुमचं? जाकीट हो, नारिंगी जाकीट. नाही? टोपीही नाही? अहो मग काडतुसं ठेवा खाली. मी नारिंगी नसलेल्या माणसाला काडतूस विकत नाही, शेरीफ आला तरी नाही. उद्या त्या झाडांत शंभर बंदुका असतील, अर्ध्या तुमच्यासारख्यांच्या हातात, आणि तुम्ही हा तपकिरी कोट घालून जाणार? घरी बायकापोरं आहेत ना? मी माझ्या कुत्रीला अंगणात सोडत नाही नारिंगी घातल्याशिवाय, मार्लीन पत्रपेटीपर्यंत जाते तीसुद्धा घालून जाते. त्यात लाज कसली? माणूस कितीही ओळखीचा असू दे, झाडीत फक्त हालचाल दिसते, माणूस दिसत नाही. जो घोड्यावर बोट ठेवून बसलाय त्याला तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, म्हणून आपण त्याच्यासाठी आधीच — आधीच करून ठेवायचा. पुढून दिसलं पाहिजे, मागूनही दिसलं पाहिजे. आयलाला तर मी पहिल्या दिवसापासून सांगितलंय, हरवलीस तर झाडं बघू नकोस, नारिंगी बघ. नारिंगी दिसलं की तो मी.

काय?

काही म्हणालात का तुम्ही?

नाही म्हणालात. बरं.

ते वेगळं आहे. जंगल वेगळं. जंगलात — हो, जंगलातच चालायची माझ्या मागून, आणखी कुठे. हो, नारिंगी जाकीट. मग काय अंगावर साडेतीन हात उघडी पाठ घेऊन फिरत होतो मी थंडीत? नारिंगीच. कायम नारिंगी.

त्या दिवशी गरम होत होतं. राखाडी शर्ट होता. कोणताही असतो तसला.

मार्लीनने सकाळपासून पेस्टी भाजायला घेतल्यात, उद्याच्या डब्यासाठी. आत बटाटा, मांस, सलगम. दोघांपुरत्या करतेय. मी विचारलं, दोघांपुरत्या कशाला? ती पीठ मळत राहिली. झाडीत हरणाची वाट बघत बसतो त्या खोपटात खुर्च्याही दोन आहेत, एक खुर्ची उचलून आणायची राहिलीय, परवा गेलो होतो तर — राहू दिली.

तो द्या इकडे. पट्टा हो, दुसरं काय. खिळ्यावरून काढा, माझा हात पोचत नाही. कापड तरी बघा, फडकं बरं याच्यापेक्षा. कुठून घालतात हे? डोक्यातून? थांबा, अडकलं. हं. आणि हे बक्कल मागे कशाला देतात, मूर्खांनी शिवलंय, ज्याचा खांदा मोडलाय त्याने काय करायचं? लावा जरा. हात गार आहेत तुमचे. घट्ट नको. झालं?

हसू नका.

हा माझा फोन घ्या. फोटो काढता येतो ना? माझा नाही, म्हणजे माझाच, पण पाठीचा काढा. तोंड नको. मी इथे दिव्याखाली उभा राहतो. अक्षरं येऊ देत सगळी. आली? वाचता येतात? दुरून येतील का? दाराजवळ जाऊन काढा मग एक. दाराजवळूनच. हां.

द्या तो फोन. आता काडतुसं उचला, ते जाकीट घ्या खुंटीवरचं, नारिंगी, जुनं आहे, पैसे नकोत, परत जाताना आणून द्या. निघा. आणि दार ओढून घ्या मागून, थंडी आत येतेय.