धोंडा-परिच्छेद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय निवृत्त न्यायमूर्ती महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आदरणीय प्राचार्या मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि ज्यांना सत्काराच्या खुर्चीत दोघांनी धरून आणून बसवलं ते आमचे सर, पहिल्या रांगेतल्या सरांच्या मॅडम, ग्रंथपाल काका, सर्व प्राध्यापक, माझे वकील मित्र, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो,

सर्वांना माझा नमस्कार.

मी सरांची जुनी विद्यार्थिनी. आता इथल्याच कोर्टात वकिली करते. आजच्यासाठी मी एक बरं भाषण लिहून आणलं होतं. ते पर्समध्ये आहे आणि बहुतेक तिथेच राहील. सूत्रसंचालक मघापासून माझ्याकडे काळजीने बघतायत, कारण मी व्यासपीठावर बसून एकटीनेच तांब्या रिकामा केला. माझं चित्त आज थाऱ्यावर नाही. का नाही, ते ओघात येईलच.

सरांचा विषय कायदेविषयक संशोधन आणि लेखन. वेळापत्रकात तो जेवणानंतर असायचा, म्हणजे डुलकीच्या तासाला. फौजदारी कायद्यात खून होते, कौटुंबिक कायद्यात भांडणं होती, इथे काय होतं? सूची, तळटिपा आणि 'हे वाक्य कोणाचं, आधार कुठे?' असा सरांचा लाल शेरा. मी माझी टिपणं आमच्या दुकानात बसून लिहायची. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आमचं. मशीनच्या फळीचंच टेबल करायची, त्यामुळे कागदाला तेल लागायचं. एकदा सरांनी समासात लिहून दिलं, 'तेल कमी, आधार जास्त.' तो कागद दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दुकानात चिकटवून ठेवला. गिऱ्हाइकांना वाटायचं, मशीनला तेल कसं घालावं याची ती सूचना आहे.

विद्यार्थी सरांना पाठीमागे 'पलीकडचे सर' म्हणायचे. सर, आता कळलं तरी हरकत नाही, गुण देऊन झालेत. काहीही लिहून नेलं की सरांचा पहिला प्रश्न असायचा, 'पलीकडचा काय म्हणेल?' पलीकडचा म्हणजे समोरच्या बाजूचा वकील. आणि त्यांचा एक नियम होता, ज्यापायी आम्ही रडकुंडीला यायचो. टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात आपल्या विरुद्ध जाणारा सगळ्यात भक्कम निवाडा लिहायचा. तो नसेल तर टिपण परत. 'सर, माझ्या विरुद्ध काहीच नाही हो,' असं म्हटलं की सर शांतपणे म्हणायचे, 'नाही असं नाही, तू शोधलं नाहीस.'

माझ्या बाकावर एक उंच मुलगा बसायचा. त्याला आम्ही लंबू म्हणतो, अजूनही. त्याने या प्रकाराला नाव ठेवलं धोंडा-परिच्छेद. आपल्याच हाताने आपल्याच पायावर मारून घ्यायचा, म्हणून. ते नाव इतकं रुळलं की मुलं सरांनाच विचारायची, 'सर, धोंडा किती ओळींचा हवा?' लंबू आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. आता मोठा वकील झालाय. उठू नकोस रे, मागच्यांना दिसणार नाही.

मी एकदा सरांशी यावरून वाद घातला होता. म्हटलं, पलीकडच्याचं काम आपण का करायचं? त्याला शोधता येत नसेल तर तो त्याचा प्रश्न. सर म्हणाले, 'त्याला माहीत नाही म्हणून कायदा बदलत नाही. आणि न्यायाधीश अंधारात निकाल देत असतील, तर तो अंधार तू केलेला असतो.' तेव्हा मला ते पटलं नाही. गुण हवे होते म्हणून मान डोलावली.

अध्यक्ष महोदय, वेळ संपत आला आहे हे मला दिसतंय. थोडं सांभाळून घ्या.

सरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. आपण शोधायला बसतो तेव्हा आपल्याच बाजूचे शब्द घेऊन बसतो. समजा भाडेकरू वारला, तर त्याच्या मुलाच्या बाजूने लढणारा 'वारस' शोधतो. त्याला बाहेर काढू पाहणारा 'बेकायदा ताबा' शोधतो. दोघांनाही आपापल्या सोयीचं सापडतं आणि दोघेही खूश. म्हणून सर दुसरी फेरी करायला लावायचे, समोरच्याच्या शब्दांनी.

आजच्या भाषणात हे समजावून सांगायला मला एक उदाहरण हवं होतं. म्हटलं, उगाच लांब कशाला जा, हातात प्रकरण आहेच. तर काल दुपारी मी ग्रंथालयात बसून माझ्याच प्रकरणावर समोरच्याच्या शब्दांनी फेरी मारली. विद्यार्थ्यांना गंमत दाखवावी, एवढाच हेतू.

ते प्रकरण आमच्या दुकानाचं आहे. जागा भाड्याची, करार बाबांच्या नावावर. बाबा गेले, आणि जागामालकाने दादावर दावा लावला की भाडेकरू मेला, आता तू इथे कोण? आमची सगळी बाजू एका जुन्या निवाड्यावर उभी आहे. वडिलांबरोबर धंद्यात काम करणाऱ्या मुलाला भाडेहक्क मिळतो, असा तो निवाडा. उद्या शेवटचा युक्तिवाद. दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं देऊन झालंय. दादाची वकील मी, आणि जागामालकाचा वकील आमचा लंबू. एका बाकावरचे दोघे एका प्रकरणात समोरासमोर, गावभर थट्टा झाली आमची.

आणि काल मला धोंडा सापडला. गेल्या वर्षीचा, मोठ्या खंडपीठाचा, म्हणजे आमच्या जुन्या निवाड्यावर मात करणारा निवाडा. मुलाला हक्क मिळतो, पण तो धंद्यात आहे हे वडिलांनी हयातीत मालकाला लेखी कळवलेलं असेल तरच. बाबांनी असं काही कळवलं नव्हतं. कोण कळवतं? मुलगा दुकानात बसतो हे लेखी कळवायची गोष्ट आहे का? लंबूच्या म्हणण्यात हा निवाडा कुठेही नाही. मी सगळं पुन्हा वाचून पाहिलं.

तिथून तडक दुकानात गेले. दादा एका मशीनला पट्टा चढवत होता. मी सांगितलं, त्याने ऐकलं. त्याने विचारलं, समोरच्या वकिलाला हे माहीत आहे का. मी म्हटलं, नाही.

'मग त्याचं काम तू का करतेस?'

ऐकलंत? माझाच प्रश्न, मी सरांना विचारलेला. मी सांगायचा प्रयत्न केला की कोर्टापासून हे लपवता येत नाही, आमचा तसा नियमच आहे. दादाने पट्टा चढवला, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, 'तू कायदा शिकावंस म्हणून मी कॉलेज सोडून इथे बसलो. तेव्हा कुठला नियम आडवा आला नव्हता.'

तो म्हणाला त्यात एक अक्षर खोटं नाही. वहिनीने चहा दिला, तो तसाच ठेवून मी निघाले.

सरांकडे सल्ला मागायला गेले नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. मनाची समजूत घालायचे सगळे प्रकार करून पाहिले. निवाडा आपल्याला लागू नाही, असं म्हणून बघितलं. तो लागू आहे. काल भाषण लिहायला बसलेच नसते तर, असंही वाटलं. आज इथे नमस्कार केला तोपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. मग प्रश्न येतो की हे कोर्टाऐवजी या सभागृहात का सांगायचं? तर उद्या सकाळी माझी हिंमत टिकेल याची मला खात्री नाही. इथे एवढ्या लोकांसमोर एकदा बोलले की मागे फिरता येणार नाही. प्रकरणाबद्दल कोर्टाबाहेर त्यांच्या कानावर काही जायला नको, म्हणून उद्याचे न्यायाधीश इथे नाहीत हे मी आल्या आल्या पाहून घेतलंय.

तेव्हा, लंबू, लिहून घे. ग्रंथालयातली निळ्या पुठ्ठ्याची मालिका, गेल्या वर्षीचा शेवटचा खंड, भाडेहक्काचं प्रकरण, पहिलाच निवाडा. उद्या सकाळी मी तो स्वतः कोर्टापुढे ठेवणार आहे. त्याआधी तुला कळायला हवा. कुणीतरी त्याला पेन द्या, त्याचं नेहमीसारखं चालत नाहीये.

हसू नका. आणि विद्यार्थ्यांनो, टाळ्याही नकोत. यात माझ्या पदरचं काही जात नाही. जातं ते मागच्या रांगेत येऊन बसलेल्या माझ्या दादाचं.

धोंडा-परिच्छेदानंतरचा परिच्छेद सर 'तरीही' या शब्दाने सुरू करायला लावायचे. काही ठरलं नव्हतं तरी तोही मी काल रात्री लिहून ठेवला आहे. त्यात काय आहे ते लंबूला उद्या कोर्टातच कळेल. सरांनी विरुद्धचा कायदा सांगायला शिकवलं, आपला युक्तिवाद वाटून टाकायला नाही.

सर, तुमच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं. तुमच्या विद्वत्तेवर एक संपूर्ण पान आहे पर्समध्ये, ते तुमच्या मॅडमकडे देऊन जाईन. तुमचा फार राग येतोय मला कालपासून, आणि हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकले नसते. निवृत्तीनंतर तरी पलीकडच्याला थोडी विश्रांती द्या.

आयोजकांनी बोलावलं, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, यासाठी मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी घरचं गाऱ्हाणं मांडलं, वेळ ओलांडली, बोलण्यात कुठे तोल गेला असेल तर सभागृहाने उदार मनाने पोटात घालावं.

दादा, तुझी मात्र मी क्षमा मागत नाही. चुकलं असं मला वाटत नाही. वाईट मात्र खूप वाटतंय. तू उठून दाराशी गेलायस, जातोयस की थांबलायस ते इथून कळत नाही. उद्या कोर्टात ये. तू नाही आलास तरी मी आपल्या दुकानासाठी जीव तोडून बोलेन, पण तू समोर बसलास तर माझा आवाज कापणार नाही.