वाट नाल्यापाशी थांबली

हॅलो?… हॅलो… हो, पुंजाजी गुरुजीच बोलून राह्यलो. कोण?… रेणुका! अवं, मग आधी नाव सांगायचं ना. नुसतं 'सर, मी बोलते' म्हटल्यावर मले काय समजणार? माझ्या सगळ्याच पोरी तसं बोलतात… बरं, बरं. जेवली का?

नाही? दुपार झाली की! इंजिनिअर झाली म्हणून काय उपाशी राहायचं?… हाव, बोल.

तुझे साहेब मोजणीले येऊन राह्यले? उद्याच?… या ना. लय चांगलं झालं. बुलढाण्याहून सोनाळ्यापर्यंत यायचं म्हणजे सकाळीच निघा. भाकरी इथंच खा…

काय तयार ठेवायचं?… फिरायच्या वाटेचं काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो? काट्या-बाभळीसकट?… रेणुका… अवं ऐक ना… तुझ्याजवळ खुर्ची आहे का? बस पहिले.

बसली?… बाभळी नाहीत.

नाहीत म्हणजे नाहीत. तोडल्या… हो, बरोबर आहे, काट्या काढणं आमच्या लोकवाट्यातच होतं, श्रमदानाचं. पण मुरूमही पडला आहे… हाव, तोच मुरूम. राज्याच्या पैशातून पडणार होता तो… पडला. दाबलाही. तुळशीरामनं ट्रॅक्टर फिरवला ना वरून.

हॅलो?… ओरडू नको.

कोणी सांगतलं म्हणजे? कोणीच नाही. उत्तमरावनं, आपल्या सरपंचानं, भोंग्यावरून एवढंच सांगतलं की वरच्या पुऱ्यानं गावाकडून काट्या तोडत या, खालच्या पुऱ्यानं टेकडीकडून या, अन् नाल्यावर भेटा. झालं. तुले माहीत आहे आपलं गाव, दोन वस्त्यांची कायमची चढाओढ. दोन्ही पुरे एकाच दिवशी नाल्यावर हजर! मग जिंकलं कोण? दुसऱ्या दिवशी वरच्यांनी तुळशीरामच्या नव्या विहिरीचा मुरूम आणून टाकला. ते पाहून खालच्यांनी शेततळ्याचा आणला. वरच्यांनी कडेले दगड लावले, तर खालच्यांनी दगडाले चुना मारला. आता दोन्हीकडे बसायले ओटे आहेत. एक ओटा तर इतका उंच केला की त्याच्यावर चढायले दुसरा ओटा लागते…

मी? मी थांबवलं की! पण तू शाळेत होती तेव्हा कबड्डी मधातच थांबवणं मले कधी जमलं का?

नाही, मी हसून नाही राह्यलो… बरं, थोडासा हसलो. सांग.

काय?… मोजणीच्या आधी काम झालं तर मंजुरी रद्द? सगळीच?… साकवाचीही, नाल्यावरच्या पुलाची? अवं, पण साकव कुठं झाला? नाल्यावर अजून एक दगड नाही ठेवला कोणी. ते काम आपल्याच्यानं होणार नाही, हे दोन्ही पुऱ्यांना समजते. तेवढंच त्यांचं एकमत आहे.

पोरी, साकव नसला तर ही वाट कशाची? अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मधात पाणी. सोजराबाई पुन्हा डांबरी रस्त्यानं फिरायले जाईन अन् टिप्परवाले मागून हॉर्न मारतीन. मागच्या महिन्यात एकानं असा मारला, बिचारी सरळ तुरीत जाऊन बसली. लोक शोधून राह्यले, अन् ही आतून शिव्या देऊन राह्यली. गावात म्हाताऱ्या माणसाले सुखानं फिरायले दुसरी जागा नाही. लेकरांना पळायले नाही. म्हणून तर मागितली ना ही वाट.

हं… काय म्हणाली?… काट्या परत टाकायच्या? उद्याच्या दिवसापुरत्या?… हळू बोल, हळू! अख्खी पंचायत बसली आहे इथं ओट्यावर…

गेलं. ऐकलं त्यांनी. थांब जरा.

उत्तमराव, चप्पल घालू नका. बसा खाली… तुळशीराम, कुठं चालला बे? नांगर जोडायले? जागचा हलू नको. वाट नांगरतो म्हणे! लग्न लागल्यावर नवरीले माघारी पाठवतो का तू?… बस.

हाव, रेणुका. नाही, ते नाही करायचं… काऊन म्हणजे? शाळेची लेकरं ओंजळी-ओंजळीनं माती टाकून आली त्या वाटेवर. उद्या सकाळी ती पाहतीन की गुरुजींनीच त्याच्यावर काटे टाकले. मग मी त्यांना काय शिकवू?

तू घाबरू नको. पाह्य, शांतपणे मांडू. कागद घे… घेतला? राज्य काय देणार होतं? मुरूम अन् साकव. गाव काय देणार होतं? मेहनत. आता मुरूम गावानंच टाकला. मग राज्याकडे काय उरलं?… बोल ना, तुले येते… हाव! साकव. शाब्बास. मुरूम लोकवाट्यात टाक. त्याचा एक पैसा आम्हाले नको. साकवाले कोणी हातही नाही लावला, त्याची मोजणी उद्या करा. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो नाल्याचे काढा. नाला जसा होता तसाच आहे. खोटं बोलायचं कामच नाही.

साहेब मानणार नाहीत? तू विचारलं का?… मग न विचारताच रडायचं? मले नंबर दे त्यांचा, मी बोलतो… काय? मागं येऊन बसले, अन् तुले पत्ताच नाही?… स्पीकरवर? कधीपासून?… म्हणजे काट्यांचंही ऐकलं त्यांनी? अरे बाप्पा.

नमस्कार, साहेब… नमस्कार… हो, हो, चौथीपर्यंत मीच शिकवलं तिले. तिले रागावू नका. घाबरली की लहानपणीही ती पहिले पाटी पुसायची. मग विचार करायची. पण विचार बरोबर करायची…

नाही साहेब, तुमचा नियम चुकीचा आहे असं मी कुठं म्हणतो? आधी मोजायचं, मग करायचं. आम्ही आधी करून बसलो. चूक आमची. पण साहेब, पायरी चुकली, उत्तर तर बरोबर आलं ना? मार्क कापा. पेपर फाडू नका…

हसले? हसा, हसा.

ग्रामसभेचा ठराव लागेन? देऊ ना. परवा ग्रामसभा आहेच… गाव ऐकेन का? थांबा, आताच विचारतो.

ऐका रे सगळे! मुरमाचे पैसे गाव मागणार नाही. राज्यानं फक्त साकव द्यावा. कबूल असंन त्यानं हात वर करा… तुळशीराम, एकच हात. दोन मतं नाहीत तुले… उत्तमराव, तुमचा? तुम्ही सरपंच आहात, इकडे-तिकडे काय पाहता?… हं, आला.

सगळे आहेत साहेब. परवा सह्याही होतीन… तुम्हाले वर विचारावं लागेन? विचारा. आज शब्द देऊच नका. पहिले येऊन पाहा. पण चालत पाहा. जीप शाळेपाशी ठेवा… हो, चांगले ओटे आहेत बसायले. उंचावरचा सोडून.

सुरुवात कुठून करायची?… गावाकडूनच सोपं पडेन तुम्हाले…

अरे गप! गप बसा ना!… काही नाही साहेब. मी गावाकडून म्हटलं तर खालचा पुरा उठून उभा राह्यला. टेकडीकडून म्हटलं की वरचा उठेन. स्वागताचा पहिला हार दोघांनाही घालायचा आहे… ऐकू येऊन राह्यलं ना तुम्हाले? आता रात्रीपर्यंत हेच चालेन.

तुम्ही असं करा साहेब. नाल्यातून सुरू करा. तिथं अजून कोणाचंच काही नाही. दोघंही हार घेऊन तिथंच येतीन.

पाणी?… आहे ना. पोटरीइतकं आहे सध्या… बूट ओले होतीन? हाव साहेब, होतीन… होऊ द्या. सोजराबाईच्याही चपला होतात. उभे राहा दोन मिनिटं, मग साकव कुठं पाहिजे ते आम्हाले सांगावं लागणार नाही.

हाव… या, या. रेणुका, साहेबांना जास्तीचे मोजे घ्यायले सांग. अन् तू जेव पहिले… ठेवतो.