पडद्यावरचा ट्रक

(इतिहास मंडळाची खोली, सकाळ. मंडळाचे चिटणीस, निवृत्त शाळामास्तर, कालच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या एकावर एक रचत आहेत. त्यांच्याहून वयाने मोठ्या ताई आत येतात.)

ताई: खुर्च्या नंतर रच. आधी माझ्याकडे बघून बोल.

मास्तर: बसा ना ताई. पाणी देऊ?

ताई: पाणी नको, तू नको, तुझं मंडळही नको. तो फोटो पडद्यावर कसा आला, तेवढं सांग.

मास्तर: अहो, घाई झाली. तुमच्या आल्बममधले थोडे फोटो काढले, त्यात तो मिसळून गेला. चूक झाली.

ताई: चूक!

मास्तर: दर महिन्याला हेच तर चालतं आपलं. जुना फोटो लावायचा, लोकांनी चेहरे ओळखायचे, ज्याला ओळख पटली त्याने हात वर करून नाव सांगायचं. आपला तो एस.टी.तला म्हातारा कंडक्टर नेमका तुमच्या दादाला ओळखेल, हे मला काय ठाऊक?

ताई: हात कुठला वर करतोय! उभा राहून ओरडला मेला. "अरे, हा तर आपला संपाचा पुढारी! मालकाच्या ट्रकातून उतरतोय की!" सगळे हसले. आणि मग हसू थांबलं. दादा शेजारच्या खुर्चीवर होता माझ्या.

मास्तर: मी लगेच पुढचा फोटो लावला.

ताई: लगेच? दादा टोपी शोधत होता. मांडीवरच होती, तरी खुर्चीखाली वाकून वाकून शोधत होता. ती सापडून आम्ही दाराशी पोचलो, तरी मागे ट्रक तसाच. आल्बम दिला तेव्हा मी काय म्हणाले होते?

मास्तर: तो एक फोटो बंद कपाटात ठेवायचा. तुम्ही दोघं भावंडं हयात असेपर्यंत कुणालाही दाखवायचा नाही.

ताई: पाठ आहे की! आणि कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात असते?

मास्तर: माझ्या.

ताई: मग फोटोला काय पाय फुटले?

मास्तर: ताई, माणूस आहे, होतं कधी कधी...

ताई: मला शेंडी लावू नकोस. त्या फोटोत अख्खा कारखाना आहे. फाटक आहे, संपावरची माणसं आहेत, कडेला माझी आई उभी आहे. ट्रक कुठेतरी कोपऱ्यात, कारखान्याच्या मागच्या दाराशी, अंगठ्याएवढा. मला स्वतःला दादा भिंगातूनच दिसला होता. काल पडद्यावर आई नव्हती, फाटक नव्हतं. नुसता ट्रक, भिंतीएवढा! चुकून आलेला फोटो आपला आपण मोठा होतो होय रे?

मास्तर: (पुढची खुर्ची उचलत) या दोन खुर्च्या तेवढ्या...

ताई: बोल की! एरवी माइक हातात आला की सोडत नाहीस.

मास्तर: मी केला मोठा.

ताई: हं. आता खरं बोललास.

मास्तर: भिंग मीही लावलं होतं, ताई. आल्बम आला त्याच दिवशी. तेव्हापासून झोप उडाली माझी. दरवर्षी संपाच्या दिवशी आपण इथे कार्यक्रम करतो. दरवर्षी तुमचा दादा उभा राहून सांगतो, "आम्ही फाटकावर उपाशी बसलो, पण आत पाऊल टाकलं नाही." आणि माझे बाबा पुढे बसून टाळ्या वाजवायचे. संप मोडला, सगळ्यांना परत घेतलं, बाबांना नाही घेतलं. पुन्हा कुठे काम मिळालं नाही त्यांना. हातात कला असलेला माणूस, खिडकीत बसून संपला. आणि टाळ्या कुणासाठी? तर संप मोडायला ट्रकात बसून आत गेला, त्याच्यासाठी!

ताई: मग दादाला विचारायचं होतंस! घरी येऊन, दार लावून. कानाखाली वाजवली असतीस तरी मी मधे पडले नसते.

मास्तर: विचारायलाच आलो होतो. दोन-तीनदा आलो. तुम्ही दरवेळी ताट वाढलंत.

ताई: आणि तू जेवलास.

मास्तर: जेवलो.

ताई: दादाच्या शेजारी बसून! त्याने तुला आग्रह करून वाढलं. लाज नाही वाटली?

मास्तर: वाटायची. घरी गेलो की बाबांची खुर्ची दिसायची, मग जायची. आणि मंडळ आपण कशासाठी काढलं, ताई? गावाला खरं कळावं म्हणूनच ना? तुम्हीच म्हणायच्या.

ताई: खरं सांगायची एवढी खाज होती, तर संपाच्या कार्यक्रमात उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तू काय केलंस? खेळ केलास. कंडक्टरकडून वदवून घेतलंस आणि स्वतः मशीनमागे अंधारात उभा राहिलास. दादाने तेव्हा मागचं दार धरलं, तू काल धरलंस. फरक काय तुमच्यात?

मास्तर: ऐकून घेतो. तुमचा अधिकार आहे. पण एक विचारू? तुम्हाला सगळं माहीत होतं, तर फोटो इतकी वर्षं ठेवलात कशाला? फाडून टाकायचा.

ताई: त्यात आई आहे. घराबाहेर काढलेला तिचा तेवढा एकच फोटो. संपावरच्या बायकांमध्ये उभी आहे, केस विस्कटलेत, तोंड हे एवढं उघडं, घोषणा देतेय. ट्रकात कोण आहे याचा तिला पत्ताही नाही. कसा फाडू रे? आमच्या मागे आहे कोण? सगळं रद्दीत जाणार. म्हटलं, मास्तरकडे देऊ. आपल्याच घरी जेवत-खेळत वाढलेलं पोर आहे, जपेल.

मास्तर: मी आत्ता येतो तुमच्याबरोबर. दादासमोर उभा राहतो. सांगतो, ताईंनी बजावलं होतं, शब्द मी मोडला, त्यांचा यात काही दोष नाही.

ताई: सांगितलं मी. काल घरी गेल्या गेल्या सांगितलं.

मास्तर: मग? विश्वास नाही बसला?

ताई: बसला की. बूट काढत होता, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाखवला त्याने. दिला कोणी?"

मास्तर: तुम्ही काय म्हणालात?

ताई: काय म्हणणार? दिला तर मीच होता.

मास्तर: राग आहे, उतरेल. तुम्हा भावाबहिणीची भांडणं काय आजची आहेत?

ताई: भांडला असता तर मी इथे आलेच नसते. आज माझ्याआधी उठला, स्वतः चहा केला. एकच कप.