बिबळ्याच्या चाळीस बाटल्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, टाकवे बुद्रुकहून लोणावळ्यापर्यंत आवर्जून आलेले ग्रामस्थ आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणींनो,

चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर आज आपण माझा सत्कार केलात. मानपत्रात ‘बिबळ्याच्या संवर्धनासाठी अथक प्रयत्न’ असे शब्द आहेत. त्यांच्याविषयी मला बोललं पाहिजे. चहा थोडा उशिरा झाला तर चालेल ना?

तिसऱ्या रांगेत निवृत्ती आबा बसलेत. त्यांच्या बांधावर बिबळ्याचं जुनं झाड होतं. साखरेच्या आजारावर गुण येतो म्हणून लोकांनी त्याची साल सोलून नेली. चहूबाजूंनी सोलल्यावर झाड वाळायला लागलं. बुंध्याला फुटलेले कोवळे फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून आबा आमच्या दारात आले. म्हणाले, “बाई, बी लावलं तर दुसरं झाड यील. मला ह्योच पायजे. माझ्या आईनं लावल्याला हाय.”

ऊतिसंवर्धन म्हणजे झाडाच्या इवल्याशा तुकड्यापासून बाटलीत तेच झाड पुन्हा वाढवणं. केळीचं सहज होतं. बिबळ्यासारखं टणक लाकडाचं, शेंगांच्या कुळातलं झाड मात्र हट्टी. शेकडो तुकडे बुरशीनं गेले. जगले त्यांना पानं फुटली, पण मुळं फुटेनात. सहा वर्षं! आमची स्नेहल दर सोमवारी बाटल्या उजेडाकडे धरायची आणि मान हलवायची. एका सोमवारी ती ओरडलीच, “मॅडम, मुळी!” पांढरी, केसाएवढी. हळूहळू चाळीस बाटल्यांत मुळं आली. तोवर बांधावरच्या झाडाचं सरपण झालं होतं.

आबांना कळवणार, तेवढ्यात वरून निरोप आला. ऑर्किडची मोठी ऑर्डर आहे, रॅक रिकामे करा. मी विरोध केला का? केला, एका अर्जापुरता. मग शुक्रवारी मी स्वतः त्या बाटल्या रोपांसकट निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात ठेवल्या आणि बटण दाबलं. वीस मिनिटं. झाकण उघडलं, तेव्हा शिजलेल्या पालेभाजीसारखा वास आला. एक बाटली तरी पदराआड घरी न्यावी, एवढंही मला सुचलं नाही.

आबांना सांगितलं, बुरशी लागली. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या बाई. तुमी लय केलं.” त्यानंतर दरवर्षी नवा इंद्रायणी तांदूळ त्यांनी माझ्या घरी पाठवला. मी तो खाल्ला.

...काय म्हणालात, आबा? नाही, माईक नको, मला ऐकू आलं. “मंग ती जित्ती व्हती व्हय?”

होय, आबा. चाळीसही जिवंत होती.

आता त्या झाडाचा एक तुकडाही कुठं नाही. मी शोधलंय.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर आपण सगळे सांभाळून घ्याल. दुसरी माफी या सभागृहाकडे मागता येत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, ते उठून दाराकडे चाललेत.

स्नेहल, बाहेर पायऱ्या उंच आहेत. त्यांना हात दे गं. माझा ते धरणार नाहीत.