मे महिन्याचा खण

परभणीच्या बसस्टँडवर शेजारच्या बाकावर मेंढपाळ घरातल्या दोघीजणी बसल्या होत्या. धाकटी थोरलीला विचारत होती.

"केवळामावशी, भेटली का तुमची रुपाली?"

"भेटली की. हितल्याच होस्टेलात तलवारबाजी शिकायलीय. सरांनी तिच्या सहा वर्षांच्या सरावाचा तक्ता भिंतीला लावलाय."

"मंग स्पर्धा कधी?"

"दोन वर्षं न्हाई. आधी अंग घडू द्या म्हणले. तलवार उजव्या हातात, पण मेहनत डाव्याला बी तेवढीच. एकच बाजू वाढली तर पाठ धरती म्हणं."

"आन् घरी कधी येणार?"

"मे महिन्यात. पुरा महिना 'घरी आराम' लिहिलाय. मला कुठं वाचता येतंय, पोरीनं तक्त्यातला तो खण दाखवला. मी त्याच्यावर लय येळ बोट ठिवलं."

"मे महिन्यात तुमचं घर कुलपात असतंय की. तुमी मेंढरामागं लांब रानात."

"सरांला तेच सांगितलं. ते म्हणले, आराम चुकवायचा न्हाई, तो बी सरावच हाय."

"मंग?"

"यंदा मेंढरं सोनपेठकडं वळवणार हाव."

"तिकडं चारा हाय का उन्हाळ्यात?"

"चारा न्हाई. परभणीहून थेट एसटी हाय."