पांढऱ्यात चिमूटभर निळी

(कोपरमधलं घर, दुपार. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नीला पहिल्यांदाच टेबलाशी बसली आहे. कानातले करून विकणारी तिची मुलगी रचना शेजारी पॉलिमर क्ले मळते आहे.)

नीला : पण या पांढऱ्या गोळ्यात निळं घातलंय कोणी?

रचना : तूच, आई. ऑपरेशनच्या आधी.

नीला : मी? छे! मोगऱ्याच्या कानातल्यांसाठी पांढरीशुभ्र मळलेली मी. ही तर निळसर आहे.

रचना : आधी हातातली मळ बघू. गार पडलीय, म्हणून भुगा होतोय. वाकवल्यावर चीर जाता कामा नये, नाहीतर ओव्हनमध्ये पाकळी तडकते.

नीला : मला शिकव आता! एवढे दिवस तुझी क्ले मळतंय कोण? थांब... पाकिटातली पांढरी मला पिवळट दिसायची. वाटायचं, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. म्हणून कपड्यांना नीळ देतो ना, तशी चिमूटभर निळी टाकायचे.

रचना : ते मोतीबिंदूमुळे दिसायचं.

नीला : एकेक डोळा मिटून बघते हं. उजव्याने निळसर... डाव्याने पांढरी. अगं बाई! म्हणजे मी सगळंच बिघडवत होते? आणि तू बोलली नाहीस?

रचना : बोलणार होते. पण दिसेना म्हणून तू शिवणकाम सोडलंस आणि नुसती खिडकीत बसून राहायला लागलीस. क्ले मळायला तेवढी उठायचीस. मग तू आडवी झालीस की मी दुसरी मळायचे.

नीला : म्हणजे लहान पोराला कणकेचा गोळा देतात, तसं.

रचना : सुरुवातीला, हो.

नीला : आणि मग?

रचना : मग दिवाळीत वेळच मिळेना. तुझ्याच क्लेचा मोगरा नौपाड्याला क्षिप्राच्या दुकानात पाठवला. तिचा फोन आला तेव्हा वाटलं, परत घे म्हणणार. तर म्हणते, हा चांदण्यातला रंग कुठून आणलास? अजून दे.

नीला : खरंच? की ही पण माझी समजूत?

रचना : लाव तिला फोन, विचार. करवल्यांसाठी ऑर्डर आलीय आणि मला तो रंग जमत नाहीये. कधी आकाशी होतो, कधी राखाडी. किती टाकायचीस गं?

नीला : माप कसलं? पांढरी दिसेपर्यंत टाकायचे. आण इकडे... नाही गं. या नव्या डोळ्याला पाकिटातलीच पांढरी दिसते. हा झाकायला हवा.

रचना : आई! क्लेचे हात डोळ्याला नको!

नीला : मग तू धर हात. टेकवू नकोस, नुसता समोर धर. हं, दिसली पिवळी. निळी दे... अजून कणभर. मळू दे आता, रेघा राहिल्यात.

रचना : हात भरून आला माझा.

नीला : धर गं जरा... झाली बघ. शुभ्र.

रचना : हाच! आई, हाच तो रंग!

नीला : डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधीय?

रचना : पुढच्या महिन्यात.

नीला : मग फोड अजून पाकिटं. तोवर मळून ठेवू.